पेटीत काय असंल

पाचव्या दिवशी नळाला पाणी आलं होतं, म्हणून अक्का त्या रविवारी चारऐवजी दीडलाच आल्या. मे महिना. त्या वेळी जुळे सोलापुरात रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. असलंच तर एखाद्या गाडीखाली जीभ काढून पडलेलं असतं. हॉलमध्ये कूलर घुमत होता, ओल्या वाळ्याचा वास येत होता आणि लेक टीव्हीवर ‘टायटॅनिक’ लावून बसली होती. सातवीची परीक्षा संपल्यापासून तिचं हेच चाललंय, आमच्या तरुणपणीचे सिनेमे काढायचे आणि आमच्यावर हसायचं. मी दिवाणावर पेपर तोंडावर घेऊन पडलो होतो. अर्धं लक्ष सिनेमात, अर्धं झोपेत. अक्का केरसुणी घेऊन हॉलमधून गेल्या तेव्हा पडद्यावर खालच्या मजल्यावरचा नाच चालू होता. ढोल, बाजा, बिअरचे ग्लास, टेबलावर चढून पाय आपटणारी माणसं. अक्का थांबल्या. “दिवसभर काम करून एवढं कसं नाचूलालेत ओ हे?” लेक म्हणाली, “अगं अक्का, ते थर्ड क्लासवाले आहेत. गरीब असतात, पण खूश असतात.” अक्का म्हणाल्या, “असं व्हय,” आणि सोफ्याखालचा केर काढायला वाकल्या.

तासाभराने भांडी आवरून त्या पुसायला बाहेर आल्या तेव्हा बोट बुडायला लागली होती. जिन्यावर गर्दी, समोर जाळीचा दरवाजा, पलीकडं गणवेशातला माणूस. अक्का स्वयंपाकघराच्या चौकटीत उभ्याच होत्या, हाताला साबण. त्या आमच्याकडं चार वर्षं येतात. टीव्ही नेहमी असाच बघतात, चौकटीत, उभ्याने, जसं काही दुसऱ्याच्या घरच्या लग्नात डोकावतायत. आणि ‘बसा की’ म्हणायचं मला कधी सुचलेलं नाही, हेही इथं लिहून टाकतो.

“अण्णा, ती बाई बघा की. पेटी सोडंना झालीय. काय असंल ओ तिच्यात?”

“कपडे असतील, अक्का.”

त्यांनी माझ्याकडं बघितलं. “कपड्यासाठी कोण मरतंय का ओ?” एवढंच म्हणाल्या आणि फडकं पिळायला आत गेल्या.

माझी झोप गेली ती गेलीच. बोट पुढं रीतसर बुडाली, लेक रीतसर रडली, मी मात्र ‘कपडे असतील’ याच दोन शब्दांशी अडकून राहिलो. कारण हे दोन शब्द मी आधीही एकदा उच्चारलेत. त्यावर नंतर येतो.

हा सिनेमा मी पहिल्यांदा बघितला तेव्हा अकरावीत होतो. मुंबई-पुण्यात चालून दमल्यावर तो आमच्याकडं आला. समुद्र आमच्यापासून शेकडो किलोमीटर लांब. बोट म्हणजे गड्ड्याच्या जत्रेतला झुलणारा पाळणा, ज्यात बसून साखर पेठेतली आमची सगळी गँग दरवर्षी एकदा ओकायची. किंवा मग बोट म्हणजे शाळेतल्या निबंधातली, ज्या बोटीनं आमच्या सोलापूरचे डॉ. कोटणीस १९३८ साली चीनला गेले. ‘राजपुताना’ तिचं नाव. याच बोटीनं १९३१ मध्ये गांधीजी गोलमेज परिषदेला गेले होते, आणि पुढं १९४१ मध्ये युद्धात जर्मन पाणबुडीनं ती बुडवली. निबंधात आम्ही ‘डॉक्टर बोटीने चीनला रवाना झाले’ असं एक वाक्य टाकून मोकळे व्हायचो. कुठल्या मजल्यावर झोपले, काय खाल्लं, बोट लागली का, हे कुणी विचारलं नाही आणि कुणी सांगितलं नाही.

तर ते थिएटर. बाल्कनीचा रस्ता पुढून होता, फरशीचा जिना, भिंतीवर आरसे. आमचा, म्हणजे स्टॉलचा, रस्ता बाजूच्या बोळातून, मुतारीच्या भिंतीला घासून. लाकडी बाकडी जाऊन लोखंडी खुर्च्या येऊन कैक वर्षं झाली होती, तरी म्हातारी माणसं त्याला ‘थर्ड’च म्हणायची. दोन्ही रस्ते मधल्या एका चौकात भेटायचे आणि तिथं होता एक सरकता जाळीचा दरवाजा, साखळी आणि कुलूप लावलेला. इंटरव्हलला आम्ही त्या जाळीला नाक लावून पलीकडच्या काउंटरवरचे गरम समोसे बघायचो. आमच्या बाजूला खारे शेंगदाणे आणि रंगीत सोडा. तो दरवाजा उघडा असा मी कधी बघितला नाही, आणि मला त्याचं काही वाटलंही नाही. आग लागली असती तर, हा विचार आज या वयात, झोप उडालेल्या दुपारी मनात येतो. कुलूप घालणाऱ्याचं आमच्याशी वैर थोडंच होतं? दहा रुपयांचं तिकीट पंचवीसच्या खुर्चीत जाऊन बसू नये, एवढीच त्याची काळजी.

पडद्यावर पोरांनी लाकडी बाक उपसून त्याच्या धडकांनी जाळी तोडली तेव्हा आमच्या स्टॉलमध्ये काय झालं ते सांगून खरं वाटणार नाही. शिट्ट्या, नाणी, कुणी तरी शर्ट काढून फिरवला. माझ्या शेजारचा, यंत्रमागावर रात्रपाळी करून आलेला आणि तोवर घोरत असलेला माणूस जागा होऊन ओरडला, “फोड बे!” पडद्यावरची भाषा आम्हाला चार आणे कळत होती. जाळी सोळा आणे कळली. आणि सिनेमा सुटल्यावर आम्ही सगळे फोडणारे मुकाट्यानं त्याच बोळातून, मुतारीच्या भिंतीला घासून, घरी गेलो.

अक्कांच्या त्या प्रश्नानंतर महिनाभर मी बुडत्या बोटींचे सिनेमे शोधशोधून बघितले. बायको म्हणाली, उन्हाळ्यात लोक गार वाटावं म्हणून बघत असतील, तू कशासाठी बघतोस? उत्तर नव्हतं. बघता बघता एक गोष्ट लक्षात आली. या सिनेमांत थर्ड क्लासची माणसं ठरावीक चार कामं करतात. नाचतात, प्रार्थना करतात, जाळीला धरून ओरडतात आणि मरतात. मधल्या वेळेत ती काय करतात ते कॅमेऱ्याला ठाऊक नसतं. वरच्या मजल्यावर मात्र माणसं कंटाळतात, खोटं बोलतात, काट्या-चमच्यांवरून एकमेकांना जोखतात, मुलीचं लग्न पैशासाठी लावतात. म्हणजे त्यांना वाईट वागायचीसुद्धा मुभा आहे. खालच्यांना ती चैन नाही. ती सरसकट भली. सरसकट भलं असणं म्हणजे जवळजवळ नसल्यासारखंच.

१९५३ सालचा एक ‘टायटॅनिक’ आहे, काळा-पांढरा. त्यात एका श्रीमंत नवऱ्याला शेवटच्या क्षणी बोटीवर जायचं असतं, तिकीट उरलेलं नसतं, म्हणून तो एका गरीब बास्क माणसाकडून त्याचं खालच्या वर्गाचं तिकीट विकत घेतो. त्या बास्क माणसाची बायको-पोरं बोटीवर, तो स्वतः धक्क्यावर. साहेब बोटीवर चढतात आणि थेट वर जातात. सिनेमा त्यांच्यामागं जातो. १९९७ च्या सिनेमात एक गरीब पोरगा पत्त्यांच्या डावात थर्डचं तिकीट जिंकतो. तोही वर जातो आणि सिनेमा त्याच्याही मागं. चव्वेचाळीस वर्षांत कथा उलटी झाली, पण खालचा मजला जिथं होता तिथंच राहिला, वर जायच्या जिन्याची पहिली पायरी म्हणून. मला धक्क्यावर राहिलेल्या त्या माणसाचा सिनेमा बघायचा होता. हातात नोटा आणि समोरून निघालेली बोट. त्यानं त्या नोटांचं काय केलं असेल?

१९५८ सालचा ‘अ नाइट टू रिमेम्बर’ हा त्यातला सगळ्यात शहाणा सिनेमा. त्यात एक प्रसंग आहे. खालची माणसं अडथळा तोडून वर येतात, पळत सुटतात, आणि मध्येच त्यांच्या वाटेत फर्स्ट क्लासचं जेवणघर येतं. सकाळच्या न्याहारीसाठी मांडलेली टेबलं, पांढऱ्या चादरी, चकचकीत काटे. बोट बुडतेय, आणि ही माणसं दारात थबकतात. आत पाय टाकू का नको, असं होतं त्यांना. बाकी कुठल्या सिनेमात नाही एवढं खरं मला त्या दोन क्षणांत दिसलं. नोकरी लागल्यावर पहिल्यांदा बाल्कनीचं तिकीट काढलं तेव्हा मीही त्या फरशीच्या जिन्यावर चपला पुसल्या होत्या. चपला! पायपुसणंही नव्हतं तिथं.

आणि एक सिनेमा असा, की तो बघताना पोटात कालवतं. १९४३ साली नाझी सरकारनंही एक ‘टायटॅनिक’ काढला, इंग्रज श्रीमंत किती हावरे होते ते दाखवायला. त्याचा दिग्दर्शक हर्बर्ट सेल्पिन चित्रीकरणाच्या काळातच अटक झाला आणि कोठडीत मेला. बोटीवरचे प्रसंग ‘काप आर्कोना’ नावाच्या खऱ्या प्रवासी जहाजावर चित्रित झाले होते. दोनच वर्षांनी, ३ मे १९४५ ला, त्याच जहाजावर छळछावण्यांतले कैदी कोंबलेले होते आणि इंग्रज विमानांनी ते कैद्यांचं आहे हे न कळता त्यावर बॉम्ब टाकले. हजारो माणसं गेली. ज्या डेकवर पगारी एक्स्ट्रा घाबरल्याचा अभिनय करून घरी गेले, तिथंच ही. हे वाचल्यावर मी दोन दिवस काही बघितलं नाही.

‘पोसायडन ॲडव्हेंचर’ हा १९७२ सालचा, त्यात जहाजच उलटं होतं. छत खाली, तळ वर. जगायचं तर तळाकडं चढायचं; म्हणजे नाच-गाण्याच्या दालनातून भटारखान्यात, तिथून इंजिनघरात. एरवी प्रवाशांनी पाऊल टाकलं नसतं तिथून. कल्पना फर्मास, सिनेमा बेताचा.

आता त्या जाळीबद्दल. खरं टायटॅनिक बुडालं ते १५ एप्रिल १९१२ ला पहाटे दोन वीसला. बावीसशेच्या आसपास माणसं, त्यातली दीड हजार गेली. थर्ड क्लास वेगळा ठेवायचा हा अमेरिकेचा कायदाच होता, कारण ही माणसं तिकडं कायमची राहायला चाललेली, आणि त्यांच्या अंगावरून रोगराई येईल म्हणून उतरल्यावर त्यांची तपासणी व्हायची. वरच्या वर्गांना तसला जाच नव्हता. सिनेमात दिसते तशी छतापर्यंतची जाळी सगळीकडं होती असं नाही, बऱ्याच ठिकाणी कमरेएवढं फाटकच होतं. कमरेएवढं फाटक माणूस सहज ओलांडतो. पण कधी, तर ते ओलांडायचं असतं असं त्याला वाटलं तर. अमेरिकेतल्या चौकशीत डॅनियल बकली नावाच्या आयरिश पोरानं सांगितलं, की वर जाणाऱ्या एकाला खलाशानं खाली ढकललं आणि फाटकाला कुलूप घातलं. मग त्यांनी ते फोडलं. इंग्लंडमधल्या चौकशीत मात्र थर्ड क्लासचा एकही प्रवासी साक्षीला बोलावला गेला नाही. निकाल लागला, की थर्ड क्लासला कसलीही अन्यायाची वागणूक मिळालेली नाही. बरोबरच आहे. ज्याला विचारलंच नाही त्याची तक्रार येणार कुठून?

त्याच चौकशीचा तक्ता आहे. फर्स्ट क्लासच्या १४४ बायकांपैकी १४० वाचल्या. थर्डच्या १६५ पैकी ७६. थर्डची मुलं ७९, वाचली २७. मी शाळेत गणितात बरा होतो, तरी ७९ वजा २७ हे मी दोनदा केलं.

तक्त्यातला एक आकडा मात्र मला चटका लावून गेला, कारण तो माझा आहे. सेकंड क्लासचे पुरुष १६८. वाचले १४. शंभरात आठ. थर्डच्या पुरुषांपेक्षाही निम्म्यानं कमी. फाटकापाशी कुणी त्यांना अडवलं नव्हतं. ‘आधी बायका-मुलं’ असं सांगितलं गेलं आणि ते सज्जनासारखे बाजूला उभे राहिले. मास्तर, पाद्री, दुकानदार, कारकून. आणि गंमत बघा, सिनेमात सेकंड क्लास जवळपास नाहीच. वरचे आहेत, खालचे आहेत, मधला मजला गायब. आपल्या मुंबईहून बोटीनं निघालेली, आताच्या छत्तीसगडातल्या जांजगीरला मुलींची शाळा चालवणारी ॲनी फंक नावाची मिशनरी बाई टायटॅनिकवर सेकंड क्लासमध्ये होती, ती गेली. लॉरेन्स बीझली नावाचा विज्ञानाचा मास्तर सेकंड क्लासमधून वाचला. त्याची गोष्ट तर अशी, की १९५८ च्या सिनेमाचं बुडायच्या प्रसंगाचं चित्रीकरण चालू असताना म्हातारा बीझली गुपचूप सेटवर घुसला; या वेळी बोटीबरोबर बुडायचं होतं त्याला. दिग्दर्शकानं हेरलं आणि खाली उतरवलं, का तर तो नटांच्या युनियनचा सभासद नव्हता. खऱ्या बोटीवरून वाचला, खोट्या बोटीवरून हाकलला. मला हसू आलं आणि मग जुळे सोलापुरातल्या माझ्या दोन खोल्या-हॉल-किचनकडं बघून ते थांबलं.

थर्ड क्लास हा शब्द आपल्याकडं रेल्वेतून १९७४ साली गेला. पाट्या पुसल्या. पण शिवीत राहिलाच की. “एकदम थर्ड क्लास माणूस आहे.” सेकंड क्लास माणूस असं आपण कुणाला म्हणत नाही.

माझी अव्वा, म्हणजे आजी, थर्ड क्लासनं आली. करीमनगरकडून, वाडीला गाडी बदलून, नवऱ्यामागोमाग, चौदा-पंधरा वर्षांची. तेव्हा तिकडं निजामाचं राज्य, इकडं इंग्रजांचं. आमच्यासारखी शेकडो पद्मशाली घरं अशीच माग शोधत सोलापूरला आली. मराठीचा एक शब्द तिला येत नव्हता. स्टेशनवरची एकही पाटी वाचता येत नव्हती, कारण वाचताच येत नव्हतं. १९९७ च्या सिनेमात एक प्रसंग अगदी पाव मिनिटाचा आहे. खाली पाणी भरतंय, एक माणूस बायको-पोरांना आणि सामानाला घेऊन उभा आहे आणि हातातल्या शब्दकोशात बघून भिंतीवरची पाटी लावायचा प्रयत्न करतोय. लेकीला तो विनोदी वाटला. थर्ड क्लासमध्ये स्वीडिश होते, फिनिश होते, बल्गेरियन, सीरियाकडचे अरब, पाट्या मात्र इंग्रजी. मला त्या माणसाच्या जागी अव्वा दिसते. पुढं पन्नास वर्षं सोलापुरात काढून ती फाडफाड मराठी बोलायची, पण दवाखान्यात पाटी आली की पदर तोंडावर घेऊन माझ्याकडं बघायची. “एमि उंदिरा?” काय लिहिलंय रे?

तिची एक पत्र्याची पेटी होती. हिरवी, झाकणावर लाल गुलाब, रंगाचे पोपडे आलेले. पलंगाखाली, भिंतीला टेकून. आमच्या घरात तीन वेळा पाणी शिरलं, प्रत्येक वेळी ती आधी पेटी उचलायची आणि मग आम्हाला हाका मारायची. आई वैतागायची, बिड्यांची पानं भिजूलालीत, आणि यांना पेटीचं पडलंय. मी एकदा विचारलं होतं आईला, काय आहे गं त्यात. “कपडे असतील,” आई म्हणाली. अव्वा गेल्यावर तेराव्याला काकांनी मला विचारलं, उघडू का ही? मी म्हणालो, “कपडे असतील, उघडून काय करायचं.”

उघडली. कपडे नव्हते. वर एक मागाचा धोटा होता, दोन्ही टोकांना लोखंडी टोपण, मधलं लाकूड हातानं गुळगुळीत झालेलं. एका चिंधीत हाली शिक्क्याची पाच नाणी, निजामाची, जी अव्वा सोलापूरला उतरली तेव्हाही इथं चालत नव्हती. आणि खाली, पेटीभर, सूत. कांड्यांवर गुंडाळलेले तुकडे. लाल, जांभळं, तपकिरी, शाईच्या रंगाचं, पोपटी. कुठल्या कांडीवर हातभर, कुठल्या कांडीवर पाच-सहा वाव. चादरींच्या मागावरची उरलेली टोकं, जी एरवी झाडून कचऱ्यात जातात. काका म्हणाले, म्हातारीला काय सुचलं देव जाणे. कुणाला काही कळेना. वडील बाजूला बसले होते, आयुष्यभर चादरी विणलेला माणूस. त्यांनी वाकून एक पोपटी कांडी उचलली, उजेडाकडं धरली, अंगठ्यानं सूत जरा उलगडलं, परत गुंडाळलं. “हा रंग आता येत नाही,” म्हणाले. आणि ठेवून दिली.

मी विचारलं नाही, कधीचा रंग, कुठल्या चादरीचा. दुसऱ्या दिवशी भंगारवाला आला, त्यानं पेटी पत्र्याच्या भावानं घेतली. सूत बोळात पेटवलं, चांगलं धुमसलं दोन तास. धोटा आहे माझ्याकडं, शोकेसमध्ये, पाहुणे विचारतात म्हणून. वडीलही आता नाहीत. पेटी न उघडणाऱ्या सिनेमावाल्यांना नावं ठेवायला बसलोय खरा, पण मी तर उघडलेली पेटी बोळात नेऊन जाळली.

या सगळ्याच्या नादात मला टायटॅनिकच्या नुकसानभरपाईचे दावे सापडले. वाचलेल्यांनी आणि वारसांनी कंपनीवर लावलेले. फर्स्ट क्लासच्या शार्लट कार्डेझा बाईंच्या चौदा ट्रंका गेल्या. त्यांचा दावा १,७७,३५२ डॉलरचा, पानंच्या पानं यादी. सिनेमातल्या पोरा-पोरीची गाठ ज्या मोटारीत पडते तशी एक रेनो गाडी बोटीवर खरोखर होती. तिच्या मालकाचे ५,००० डॉलर. आणि थर्ड क्लासचा एक आयरिश पोरगा, यूजीन डेली. बोट आयर्लंडचा किनारा सोडत होती तेव्हा त्यानं डेकवर पिशवीचं वाजंत्र वाजवलं होतं. तो वाचला, वाजंत्र गेलं. त्याचा दावा, ५० डॉलर. मला एकदम हायसं वाटलं. एक तरी पेटी उघडी सापडली. १९९७ चा सिनेमा सुरू होतो तोच मुळी समुद्राच्या तळातून एक तिजोरी वर काढून, यंत्रानं कापून उघडून. त्या तिजोरीतून तीन तासांची गोष्ट निघते. फर्स्ट क्लासची तिजोरी. पन्नास डॉलरच्या वाजंत्रातून किती तासांची निघाली असती, सांगता येत नाही.

एका गोष्टीवर तर कात्री चालली. थर्डमध्ये आठ चिनी माणसं होती, सहा वाचली. त्यातला एकजण पाण्यावर तरंगणाऱ्या लाकडावर सापडला. १९९७ च्या सिनेमाच्या दिग्दर्शकानं तो प्रसंग चित्रितही केला होता, पण सिनेमात ठेवला नाही. फळीवर नायिका राहिली. खऱ्या सहा जणांना न्यूयॉर्कला उतरल्यावर चोवीस तासांच्या आत परत बोटीवर चढवलं. चिन्यांना देशात घ्यायचं नाही, असा कायदा होता.

महिनाभरानं, पाण्याच्या एका दिवशी, अक्का पुन्हा दुपारी आल्या. लेक घरात होती, कूलर घुमत होता. मी म्हणालो, “बसा की अक्का,” तर त्यांनी आधी माझ्याकडं आणि मग सोफ्याकडं संशयानं बघितलं आणि चौकटीतच, उंबऱ्यावर टेकल्या. मी त्यांना त्या वाजंत्रवाल्याची गोष्ट सांगितली. पिशवीची सनई समजा, म्हटलं. पन्नास डॉलरचा दावा लावला त्यानं.

“मिळाले का?”

“सगळ्यांचे मिळून एक कोट साठ लाख डॉलरचे दावे होते. कंपनीनं साडेसहा लाखांच्या आसपास देऊन मिटवलं. म्हणजे रुपयाला चार पैसे धरा.”

“चार तर चार,” अक्का म्हणाल्या. “आमच्या बिडीच्या कारखान्यात फंडाचा कागद केलेला, तेवीस वर्षं बिड्या वळल्या, आता म्हणूलालेत नावात फरक हाय. चार पैसे पण नाहीत.” मग लेकीकडं वळून, “बाळा, ते लाव की परत. पेटीवालं.”

लेकीनं सिनेमा मागं-पुढं करून तो जिना काढला. गर्दी, जाळी, ओरडा. बाई आली, पेटी आली. “थांबव थांबव.” चित्र थांबलं. अक्का उठल्या, टीव्हीच्या अगदी जवळ गेल्या, डोळे बारीक करून बघितलं. मग ओलं बोट त्या बाईच्या खांद्यावर टेकवलं.

“रिकामी हाय ओ ही.”

“काय?”

“पेटी. रिकामी हाय. भरलेली असली की हा खांदा असा खाली येतोय, आणि ह्यो दुसरा हात असा बाहेर जातोय.” त्यांनी हॉलच्या मधोमध उभं राहून करून दाखवलं, उजवा खांदा पडलेला, मान कलती, डावा हात पंख पसरल्यासारखा लांब. लेक बघत राहिली. पडद्यावरच्या बाईचे दोन्ही खांदे एका रेषेत होते.

आत नळाची धार बारीक झाल्याचा आवाज आला. “पाणी चाललं की ओ,” म्हणत अक्का आत पळाल्या, आणि मी पिंप सरकवायला त्यांच्या मागं.